पिठाच्या डब्याचं झाकण

माझी नात नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली, तेव्हा तिचा जुना टॅबलेट माझ्याकडे टाकून गेली. "आजी, शिकून घे, म्हणजे रोज दिसू एकमेकींना." मी म्हटलं, "मला नाही जमत ते डबडं. पिठाच्या डब्याचं झाकण हरवलंय, त्यावर ठेवलंय. काय चपखल बसतं म्हणून सांगू!" ती खो-खो हसली आणि तिला ते पटलं.

लोणकढी थाप होती. ती गेली त्याच आठवड्यात मी ते डबडं उघडलं होतं. उघडलं की पहिलं पान तिचंच यायचं. नात वेबसाइट बनवते. दिवसभर कंपनीसाठी लोकांच्या, आणि उरल्या वेळात ही एक स्वतःची. चित्रं नाहीत, नाचणारे रंग नाहीत, नुसती अक्षरं. दुपारी दोनला भांडी आवरली की मी खिडकीशी बसायचे आणि ती काय लिहिते ते वाचायचे.

घरात तिला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणी एका वेळी एकच खेळणं उचलायची, पण सगळी खेळणी या खोलीतून त्या खोलीत नेल्याशिवाय थांबायची नाही. दर रविवारी तिचा फोन येतो.

"कशी आहेस गं?"

"मजेत."

"जेवलीस?"

"जेवले की."

"ऑफिसात माणसं बरी आहेत ना?"

"खूप छान आहेत. तुझे गुडघे?"

"पळतेय मी नुसती."

सात मिनिटांत आटपतं. आणि सोमवारी तिच्या पानावर वाचायचं: "काल-परवा दोन दिवसांत मी बाहेरच्या माणसाशी चारच शब्द बोलले. त्यातले दोन लिफ्टमध्ये. तिसरा मजला." फोनवर खोटं, पानावर खरं. तक्रार कुणाकडे करू? खोटं बोलायची कला आमच्या घरात माझ्याकडूनच आली. शिंकणाऱ्या माशाची गोष्ट तिला मीच सांगितली होती. तिच्या आजोबांनी एक मासा आणला, तो शिंकला आणि पेटती शेगडी विझली! सात वर्षांची होईपर्यंत पोरगी माशांना "शतायुषी हो" म्हणायची.

म्हणूनच मी वाचते हे तिला कळू द्यायचं नव्हतं. कळलं असतं तर पानावरही "मजेत" सुरू झालं असतं.

कामाबद्दल लिहायची तेव्हा मात्र तिला जोर चढायचा. "बटण हे बटण असावं," असं एकदा लिहिलं होतं. "आमच्याकडे नुसता चौकोन रंगवून ठेवतात. दिसतो बटणासारखा, दाबला की चालतोही. पण ज्याला दिसत नाही, ज्याचं यंत्र त्याला पान वाचून दाखवतं, त्याला तिथे बटण सापडतच नाही. नियम साधे आहेत आणि साऱ्या जगाने मिळून ठरवलेत. मथळ्याला मथळा म्हणा, बटणाला बटण. तेवढं केलं तर वीस वर्षांपूर्वीचं पान आजही उघडतं, आणि आजचं पान जुन्या यंत्रावरही." यावर तिचे साहेब म्हणाले, आपले ग्राहक नवे फोन वापरतात, जुन्यांसाठी कोण रडतंय?

मी मनात म्हटलं, मी रडतेय ना, या खिडकीत बसून. माझ्या सासूच्या शिवणयंत्राची बॉबिन माझ्या यंत्रात बसते. कुणीतरी कधीतरी माप ठरवलं आणि पुढच्यांनी ते पाळलं, एवढीच तर गोष्ट. साहेबांनी कधी फाटलेलं शिवलं नसेल.

पानाच्या तळाशी तिने पाहुण्यांची वही ठेवली होती. नाव-नंबर न देता कुणीही येऊन चार ओळी लिहाव्यात. "मोठ्या अ‍ॅपवर लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या बाजारात गाळा घेणं," असं तिचं म्हणणं. "मालकाने शटर ओढलं की आपण रस्त्यावर. हे घर लहान आहे, पण माझं आहे." वही कोरीच होती.

मग या वर्षी एका मंगळवारी वाचलं: "महिनाअखेर ही साइट बंद करतेय. इथे कुणीच येत नाही. मोठ्या अ‍ॅपवर निदान माणसं तरी आहेत."

मी टॅबलेट उचलला. त्रेचाळीस पायऱ्या उतरून खालच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. आमच्या जिन्याचा उजवा कठडा सुटलाय, डावीकडची भिंत धरून उतरावं लागतं. त्याला म्हटलं, यात ते मोठं अ‍ॅप घालून दे.

त्याने टॅबलेट उलटसुलट करून पाहिला. "आजी, हे तुमच्यापेक्षा म्हातारं आहे. यात नाही चालायचं. नवा घ्या."

"नव्यात नाव न सांगता जाता येतं?"

"छे! नाव, नंबर, फोटो, सगळं लागतं."

"मग मी पकडली जाईन की!"

"आजी," तो हळूच म्हणाला, "तुम्ही नेमकं करता तरी काय?"

"मेल्या, तुला काय करायचंय?" म्हणत मी वर आले, आणि एका बोटाने टाइप करायला बसले.

पहिला आला दीपगृहवाला. "मी उत्तरेकडच्या समुद्रात दीपगृह सांभाळतो. चारशे बारा पायऱ्या आहेत. तुमचं पान माझ्या जुन्या यंत्रावर उघडतं, म्हणून रोज वाचतो. बंद करू नका." मुंगीने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं. केवढं लांबलचक! वादळात काय करता, भीती वाटते का, जेवण कोण आणून देतं. मला चेव आला. मग आला जहाजावरचा आचारी, मग सर्कशीतून निवृत्त झालेली दोरीवाली, मग एक दातांची डॉक्टर जिला रक्त पाहवत नाही. दोन आठवड्यांत नऊ जण झाले. मुंगीच्या लिहिण्यात हसू आलं. एकदा तर तिने लिहिलं, "आज जेवताना दोरीवालीचं पत्र आठवून एकटीच हसले, शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले."

माणसाने कुठे थांबावं हे मला कधी कळलं नाही.

महिना संपायला चार दिवस होते. नवा मजकूर आला. "पान कोणत्या यंत्रातून पाहिलं याची नोंद राहते. माझ्या नऊ पाहुण्यांची आज पहिल्यांदाच पाहिली. नऊच्या नऊ जण बारा वर्षं जुन्या, एकाच जातीच्या टॅबलेटवरून येतात. आणि सगळे दुपारी दोन ते तीनमध्येच येतात. दीपगृहवालेसुद्धा."

पुढे काहीच नव्हतं.

बिंग फुटलं. तो टॅबलेट तर तिचाच. मी नऊ माणसं जन्माला घातली, पण प्रत्येकाला वेगळं यंत्र द्यायचं राहिलं. आणि नऊ जणांच्या जागी तिला आता एक म्हातारी मिळाली होती. मी तिचं एकटेपण कमी केलं की मोजून तिच्या हातात दिलं, हेच मला कळेना. तीन दिवस दोन वाजता मी भांडीच घासत बसले. घासलेलीच पुन्हा.

रविवारी फोन आला.

"कशी आहेस?"

"मजेत. तू गं?"

"मजेत." मग म्हणाली, "आजी, ते पिठाच्या डब्याचं झाकण अजून नीट बसतं ना?"

"बसतं की. घट्ट."

"बरं. काढू नकोस." आणि लगेच, "गुडघे?"

"पळतेय."

सात मिनिटं झाली.

दुसऱ्या दिवशी महिनाअखेर. दोन वाजता टॅबलेट उघडला. म्हटलं, पान नाही सापडणार. पान होतं. अक्षरं मोठी झाली होती, इतकी की चष्मा नसता तरी चाललं असतं. बंद करायचा मजकूर कुठेच नव्हता. आणि वहीत दहावा पाहुणा आला होता. मी न लिहिलेला.

"मी मत्स्यालयात काम करते," असं लिहिलं होतं. "माझ्याकडे शिंकणारा एक मासा आहे. पूर्वी शिंकला की शेगडी विझायची. आता शिंकत नाही. बाकीचे मासे टाकीच्या दुसऱ्या टोकाला जेवतात. पुढच्या महिन्यात टाकीतले मासे कमी करणार आहेत, त्यात त्याचा नंबर लागेलसं वाटतं. घरी सांगायचं धाडस होत नाही. दीपगृहवाले काका, तुम्ही वादळं पाहिलीत. अशा वेळी काय करायचं?"

मी तीनदा वाचलं. समोरच्या इमारतीत कुणीतरी चादर झटकत होतं, ते संपेपर्यंत तशीच बसून राहिले. फोन हाताशीच होता. उचलला असता तर "मजेत" म्हणाली असती.

मग एका बोटाने लिहिलं.

"माशाला सांगा, नंबर लागला तर लागू दे. शिंक येत नसेल तर आणू नये, आपोआप येते. मीही मजेत नाही. गुडघे पळत नाहीत, आणि इथे दुपारी दोन ते तीन सोडले तर दिवस फार मोठा असतो. पाणी फार चढलं तर सरळ इकडे निघून या. वर यायला त्रेचाळीस पायऱ्या आहेत. उजवा कठडा सुटलाय, डावीकडची भिंत धरून चढा."

दीपगृहवाल्याच्या आधीच्या पत्रात चारशे बारा लिहिल्या होत्या. तेवढ्या तशाच राहू दिल्या. बटण दाबलं.