गल्लीपलीकडचा टीव्ही

बाबांनी आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवली. खाली उभा असलेला माणूस हाताने खूण करायचा आणि बाबा वरच्या काचेच्या केबिनमधून टनावारी लोखंड उचलून, अंड्यासारखं अलगद, हव्या त्या जागी ठेवायचे. निवृत्तीनंतर चार रिमोटांनी अशा माणसाच्या नाकी नऊ आणले.

टीव्हीचा एक, सेट-टॉप बॉक्सचा एक, टीव्हीपुढे ठेवलेल्या लांबट स्पीकरचा एक आणि कधीच बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेअरचा एक. प्लेअर मेला तरी त्याचा रिमोट टाकून द्यायला बाबा तयार नव्हते. मी हॉस्पिटलात नर्स. ड्युटीवर असताना हमखास फोन यायचा. "अगं, माणसं बोलतायत, पण ऐकू येत नाही." दुसऱ्या दिवशी, "आज ऐकू येतंय, पण माणसंच गेली."

शेवटी मी सगळ्यांचं काम एकटा करणारा युनिव्हर्सल रिमोट आणला. बाबांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"म्हणजे आता चाराचे पाच झाले."

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मी फरशीवर फतकल मारून कामाला लागले. सेटिंगचं बटण दाबून धरलं की लाल दिवा लागतो, मग टीव्हीचं बटण, मग आपल्या टीव्हीच्या कंपनीचा कोड. मी कोड घातला. टीव्ही ढिम्म. दुसरा घातला, तिसरा घातला. टीव्ही आपला बातम्या सांगत बसलेला.

"आता?" बाबा म्हणाले.

"आता तो स्वतःच शोधेल. बटण दाबून धरायचं, तो एकामागून एक कोड सोडत राहतो. टीव्ही बंद झाला की त्याच क्षणी बोट काढायचं. तो कोड पक्का होतो."

"म्हणजे किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारापुढे उभं राहायचं आणि एकेक लावून बघायची."

"तस्संच."

सगळा जुडगा संपला, दार काही उघडलं नाही. बॅटऱ्या उलट्या घातल्या असशील, असं बाबांनी सुचवलं. मी झाकण काढून दाखवलं, सरळच होत्या. मग मला एक युक्ती आठवली. मी फोनचा कॅमेरा सुरू केला, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे केलं आणि बटण दाबलं. फोनच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिणगी लुकलुकली.

"रिमोट चांगला आहे. बघा, प्रकाश टाकतोय."

बाबांनी फोनमध्ये पाहिलं, मग फोन बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी रिमोटकडे पाहिलं. पुन्हा फोनमध्ये.

"मला का दिसत नाही? मोतीबिंदूचं ऑपरेशन तर झालंय."

"कुणालाच दिसत नाही, बाबा. माणसाच्या डोळ्यांना हा प्रकाश दिसतच नाही. कॅमेऱ्याला दिसतो."

 एवढी वर्षं घरात हा उजेड पडत होता, बाबांच्या स्वतःच्या हातातून निघत होता, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी दोन्ही वस्तू माझ्या हातातून घेतल्या आणि खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले. एका हातात फोन, दुसऱ्या हातात स्वतःच्या तोंडासमोर धरलेला रिमोट. बटण दाबून धरून ते ती जांभळी ठिणगी बघत राहिले. मी टीव्हीमागच्या वायरींत डोकं घातलं.

मान वर केली तेव्हा बाबांच्या खांद्यावरून मला खिडकीबाहेर दिसलं. आमची गल्ली अरुंद. समोरच्या इमारतीतली, अगदी आमच्यासमोरची खिडकी कित्येक महिने अंधारी असायची. आता तिथे निळा उजेड पसरला होता.

"सोडा! बाबा, बटण सोडा!"

दचकून त्यांनी बोट काढलं. "काय झालं?"

"मागे बघा."

समोरच्या खोलीत भिंतीवरचा टीव्ही लागला होता. ती खोली समोरच्या काकूंची. आधी त्या रोज खिडकीत उभ्या असायच्या, मी ड्युटीवरून आले की हात हलवायच्या. मग बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्या खिडकीलगतच्या पलंगावर होत्या. घरात मुलगा आणि सून, दोघंही कामावर जाणारे.

"आपण लावला?" बाबा कुजबुजले, जणू मोठ्याने बोललं तर तो बंद होईल. मी म्हटलं, "तुमचा प्रकाश तुमच्या मागे खिडकीतून पार गेला. त्यांच्या टीव्हीची किल्ली जुडग्यात होती."

बाबांनी खिडकीकडे रिमोट रोखून बटण दाबलं. समोर अंधार. पुन्हा दाबलं. समोर उजेड. त्या उजेडात काकू दिसल्या. कोपरावर भार देऊन त्या अर्ध्या उठल्या होत्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला होता.

"अगं, घाबरल्या असतील त्या. जा, जाऊन सांग. चोरासारखं वाटतंय मला."

मी खाली उतरले. गल्लीच्या मधोमध आल्यावर सहज वर पाहिलं. एक आमची खिडकी, एक त्यांची, मधे रिकामी हवा. खाली लोक पिशव्या घेऊन घरी चालले होते, एक बाई फोनवर कुणाला तरी फैलावर घेत होती. त्यांच्या डोक्यावरून आत्ताच काहीतरी गेलं होतं आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. मी दोन क्षण तशीच वर बघत उभी राहिले. मागून एक सायकलवाला ओरडला, तेव्हा बाजूला झाले.

दार सुनेने उघडलं. तिचे हात ओले होते आणि डोळे मोठे झाले होते.

"ताई, आमचा टीव्ही आपोआप लागला! सासूबाई पडल्या त्याच सुमारास रिमोटही पडून फुटला होता, तेव्हापासून बंदच होता. मी कितीदा म्हटलं नवा आणते, तर म्हणायच्या नको. यांना काहीच नको असतं. पाणी देऊ का विचारलं तर दे म्हणतात. नाही विचारलं तर दिवसभर तशाच."

मी आत गेले. काकूंची नजर टीव्हीवरून हलेना.

"बंद झाला मधेच," त्या मला म्हणाल्या, जणू आमचं बोलणं आधीपासूनच चालू होतं. "मी मनात म्हटलं, लाग रे पुन्हा. आणि लागला."

सून माझ्याकडे बघत राहिली. सासूबाईंनी काहीतरी हवंय म्हटल्याचं ती किती दिवसांनी ऐकत होती, कोण जाणे.

आता सांगावं की नाही, असा मला क्षणभर प्रश्न पडला. पण बाबा समोर खिडकीत रिमोट उंच धरून, शाळकरी मुलासारखे अपराधी चेहऱ्याने उभे होते. मी बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एवढ्या लांबून? काचेतून?"

"हो."

"आणि मधे काही नाही?"

"प्रकाश आहे. फक्त दिसत नाही."

त्यांनी हात लांब करून खिडकीच्या काचेवर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला वाटलं होतं, खरं कळल्यावर त्यांचा चेहरा उतरेल. तो उतरला नाही.

मी परतले तोवर बाबांनी आमचं कोडं सोडवलं होतं. रिमोटचा प्रकाश टिपणारा टीव्हीचा डोळा त्याच्या खालच्या कडेला होता आणि तो लांबट स्पीकर बरोबर त्याच्यापुढे आडवा पडला होता. जुन्या रिमोटने बाबा पार टीव्हीजवळ जाऊन, वरून दाबायचे, म्हणून तो चालायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा! स्पीकर खालच्या फळीवर ठेवला आणि टीव्ही पहिल्याच कोडला मुकाट्याने बंद झाला. बॉक्स आणि स्पीकरही जोडले. डीव्हीडीचं बटण उरलं होतं. त्यावर आम्ही काकूंचा टीव्ही नोंदवला.

मग रोजचं ठरूनच गेलं. सून दुपारपाळीला गेली की संध्याकाळी बाबा खिडकीत बसायचे आणि काकूंचा टीव्ही लावायचे. खुणांची भाषा त्यांनीच शिकवली, बंदरावरची. तळवा वर म्हणजे आवाज वाढवा, तळवा खाली म्हणजे कमी करा, बोट गोल फिरवलं की दुसरं चॅनेल, वळलेली मूठ म्हणजे आहे तिथेच थांबा. सुनेने पुन्हा नव्या रिमोटचं विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "कशाला? समोर आहेत ना." खालच्या मजल्यावरच्यांनी या वयातल्या खाणाखुणांवर नाकं मुरडली. बाबा म्हणाले, "मुरडू देत. त्यांच्या नाकांचं बटण नाही माझ्याकडे."

ऋतू पालटला. एका संध्याकाळी मी वॉर्डात सलाईन बदलत होते आणि बाबांचा फोन आला.

"समोरचा लागत नाहीये."

"बॅटऱ्या?"

"परवाच घातल्या. कॅमेऱ्यात ठिणगी दिसतेय. आपला टीव्हीही लागतोय. त्यांचाच लागत नाही."

मी कॉरिडॉरमध्ये आले. "ऊन कुठे आहे?"

"ऊन? हां... तिरकं येतंय. थेट त्यांच्या टीव्हीवर पडलंय, चकाकतोय नुसता."

"मग तेच. सूर्याच्या उजेडातही तोच प्रकाश असतो, बाबा. त्यात आपली ठिणगी बुडून जाते. त्यांच्या खिडकीचा पडदा अर्धा ओढायला हवा. सून आल्यावर—"

"थांब, मी खूण करतो."

"बाबा, नको! घरात कोणी नाहीये. त्यांना एकट्याने उठता येत नाही!"

पण खूण करून झाली होती. फोनवर मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"त्यांना कळलं," बाबा म्हणाले. "पडद्याकडे बघतायत. अगं... त्यांनी पाय खाली सोडले."

 खुब्याची माणसं दुसऱ्यांदा पडली की काय होतं, ते मी रोज बघते. "मूठ दाखवा! थांबा म्हणून सांगा!"

"दाखवली. त्यांनी पाहिली." बाबा सांगत होते. "मान हलवली. नाही म्हणाल्या."

"वॉकर कुठे आहे?"

"पलंगाशीच आहे. धरला त्यांनी. दोन्ही हातांनी धरला. उठतायत... पोरी, त्या उठतायत."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. डॉक्टरांनी चाला म्हटलं, मुलाने हातापाया पडून पाहिलं, सुनेने रागावून पाहिलं, तरी या बाईने जमिनीला पाय लावला नव्हता. बाबा बोलायचे थांबले. चाळीस वर्षं टांगलेल्या ओझ्यावर नजर ठेवणारा माणूस, ओझं खाली टेकेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही, हे मला माहीत होतं.  शेजारून औषधांची गाडी खडखडत गेली.

"एक पाऊल टाकलं," बाबा हळूच म्हणाले. मग खूप वेळाने, "पडदा धरला. ओढला. अर्धा ओढला, बरोबर जेवढा हवा तेवढाच."

"उभ्या आहेत?"

"उभ्या आहेत."

"मग टीव्ही लावा ना, बाबा!"

"अरे हो," ते म्हणाले. रिमोट हातात आहे हेच ते विसरले होते. बटणाचा बारीक आवाज मला ऐकू आला.

"लागला?"

"लागला. पण त्या बघत नाहीयेत तिकडे."

"मग?"

बाबांचा आवाज इतका खाली गेला की मला फोन कानावर घट्ट दाबावा लागला. "स्वतःच्या पायांकडे बघतायत."