पायांनी मोजलेले विराम

मानसिंग मास्तर भोरच्या इंग्रजी शाळेत अजून बदलीवर, हंगामीच होता. आज शाळा तपासणारे दिपोटीसाहेब त्याचा तास बघणार होते. पसंत पडला तर कायम. नाही पडला तर गाठोडं बांधायचं आणि मार्गासनीला, भावाच्या दारात.

;

सकाळी मानसिंगच्या हातात भाकरीचा तुकडा. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. आणि पाय आपटणं.

"कॉमा, एक. सेमिकोलन, दोन. कोलन, तीन."

"अवं, कालच सारवलंय म्या," बायको धोंडाबाई म्हणाली. "दिपोटी काय तुमचं पाय तपासणार हाय?"

तो हसला नाही. युक्ती त्याचीच होती. पोरं इंग्रजी वाचायची ती धापा टाकत, एका दमात. म्हणून त्याने पाय आपटून थांबायला शिकवलं. पोरं थांबू लागली. पण कुठलं चिन्ह कधी घालायचं?

ते राहूनच गेलं.

;

दिपोटीसाहेब मागच्या बाकावरून उठले. फळ्यावर लिहिलं, 'द बुलक्स आर टायर्ड वी शॅल रेस्ट'.

"मधे काय येईल?"

मग बाकाखालून, थप थप. दुसरीकडून, थप थप थप. बघता बघता सगळा वर्ग, धूळ उठली.

"हे काय चाललंय?"

"उत्तर, साहेब," पहिल्या बाकावरचा कोंडिबा इमानाने म्हणाला.

मानसिंगचे कान तापले. पोरं व्रात्य आहेत, एवढं म्हटलं की सुटका. तोंडापर्यंत आलंही.

"मीच शिकवलंय, साहेब. थांबायचं शिकवलं. का थांबायचं, ते राहिलं."

"मग शिकवा. घंटेला अवकाश आहे."

:

रात्रभर घोकलेला पाठ आठवेना. तो सरळ मराठीतच सुटला.

"बैल दमले. एवढंच बोलून मी गप्प बसलो, तर चालेल?"

"चालंल."

"आपण थांबू. हेही पुरं?"

"व्हय."

"दोन्ही वाक्यं पुरी, पण एकामुळे दुसरं. फुलस्टॉपने तोडवत नाहीत, कॉमाने धरवत नाहीत. तिथं सेमिकोलन. आता ऐका. माझ्याकडे तीन जनावरं आहेत."

तो थांबला.

"कंची, मास्तर?"

"विचारलंत ना? तिथं कोलन. वाक्य पुरं झालं, पण सांगायचं कबूल केलेलं राहिलं. आणि 'माय ॲनिमल्स आर' म्हणून लगेच नावं घेतली तर?"

कुणाचा तरी पाय उचलला गेला. हळूच खाली आला.

"कोलन न्हाई घालायचा," कोंडिबा म्हणाला. "वाक्य कुठं पुरं झालंय?"

घंटा.

दिपोटीसाहेबांनी टोपी घातली. "कायम करा असं मी आज लिहिणार नाही." मानसिंगच्या बोटांत खडू मोडला. "काढा असंही नाही. दिवाळीनंतर येईन, तोवर पाय गप्प झाले पाहिजेत. मग बघू."

ते गेले. गणिताचे मास्तर दारात येऊन खाकरले, तरी मानसिंग फळ्यावर पुढचं वाक्य लिहीत होता.