फ्रीजसमोरच्या चपला

तो फ्रीजमागे फरशीवर पालथा पडून बोर्डाचे स्क्रू काढत होता आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. एरवी अशा वेळी बॅटरी धरायचं काम तिचं असे. तिचा हात जरा हलला की हा खेकसायचा, उजेड माझ्या डोळ्यांत नको, कामावर पाड. आज बॅटरी त्याने दातांत धरली होती.

संध्याकाळी लेक येणार होती, आईला कायमची घेऊन जायला. त्याच्या आत घर ठीकठाक करून दाखवलं की ती नेणार नाही, असा त्याचा हिशोब होता.

कारकुनी करण्यात जन्म गेला, पण घरातल्या यंत्राला त्याने परक्याचा हात लागू दिला नाही. मिस्त्री म्हणजे दिवसाढवळ्या लुटणारा, हे त्याचं ठाम मत. नुसतं झाकण उघडायचे पैसे घेतो आणि वर चहा पितो. त्यामुळे दुरुस्ती सगळी घरच्या घरी. दुरुस्ती म्हणजे काय, तर वस्तू चालू होई, पण तिला एक खोड लागे. मिक्सर झाकणावर कोपर दाबल्याशिवाय फिरत नसे. पंख्याला काठीने ढकलावं लागे. इस्त्री वायर उचलून धरली तरच तापे. शेजारीण म्हणायची, तुमच्याकडे राहायचं तर आधी शिकवणी लावायला हवी. बायको हसायची. तिला सगळ्या खोडी पाठ होत्या, वस्तूंच्या आणि नवऱ्याच्याही.

फ्रीजची खोड अशी की जुन्या बोर्डाला दोनच भोकं होती, म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन त्याने पकडीने कापून टाकली होती. पुढे फ्रीजच्या अंगात बारीक करंट उतरायला लागला. बोर्ड बदलायचं सोडून ह्या पठ्ठ्याने फ्रीजसमोर रबरी चपलांचा जोड ठेवला. आधी चपला, मग दार. लेक त्यातच वाढली. लग्नानंतर सासरच्या फ्रीजसमोर ती चपला शोधायला लागली तेव्हा सासू बघतच राहिली, हा किस्सा तो चारचौघांत कौतुकाने सांगायचा.

मग बायको एकेक विसरायला लागली. आधी मिक्सरचं कोपर गेलं, मागोमाग इस्त्रीची वायर. तो चिडायचा, इतकी वर्षं करतेस आणि आजच काय झालं? डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा चिडणं बंद झालं. आणि गेल्या आठवड्यात ती अनवाणी, ओल्या हाताने फ्रीजला भिडली. आवाज ऐकून तो धावला तर ती ओट्याशी पडलेली, कपाळ फुटलेलं, आणि एकच विचारत होती की मला कोणी मारलं. त्याला ते अजून ऐकू येत होतं.

टाके घालून आणल्यावर लेकीने भांडण काढलं नाही. तसं काढलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

‘‘बाबा, ह्या घरात राहायला माणसाला सगळं लक्षात ठेवावं लागतं,’’ ती म्हणाली. ‘‘आईला आता ते जमायचं नाही.’’

त्याने कामच काढलं. मिक्सर आणि इस्त्री नवी आणली. पंखा खाली उतरवून नीट केला. फ्रीजला नवा प्लग, तीन भोकांचा बोर्ड, मीटरपासून ओढलेली अर्थिंगची वायर. बैल गेला आणि झोपा केला, असं तो वायरीला टेप गुंडाळताना स्वतःशीच पुटपुटला. दुपारच्या चहाच्या आत सगळं उरकलं. एवढंसंच काम होतं ते. चपला होत्या म्हणून राहून गेलं.

मधेच बायकोने पाण्याचा पेला आणून दिला होता. पदर सारखा करत म्हणाली, दमला असाल, घ्या. कितीतरी दिवसांनी ती अशी शांत होती. त्याला वाटलं, हिला बरं वाटतंय. लेकीला हे सांगायचं, असं त्याने ठरवूनही टाकलं.

फ्रीज जागेवर सरकवून त्याने आधी टेस्टर लावला, मग ओला तळहात टेकवून बघितला. काही नाही. फ्रीज गरीब गाईसारखा उभा होता.

‘‘ये, हात लाव,’’ तो म्हणाला. ‘‘घाबरू नकोस.’’

ती मागे सरली. त्याच्या अनवाणी पायांकडे बघितलं, मग पायानेच चपला त्याच्यापुढे ढकलल्या.

‘‘मिस्त्री, ह्या घाला आधी. आमच्या फ्रीजला करंट आहे.’’

त्याच्या हातातला टेस्टर तसाच राहिला. तिने आवाज खाली आणला.

‘‘आणि एक करा. हे यायच्या आत निघा. बाहेरचा माणूस बोलावला कळलं तर चिडतील. मनाने वाईट नाहीत हो, पण त्यांना वाटतं, सगळं आपल्याला येतं.’’

‘‘नाही कळू देणार,’’ तो म्हणाला.

‘‘चहा मात्र घेऊन जा,’’ असं म्हणून ती ओट्याकडे वळली आणि तिथे पोचेपर्यंत विसरली.

लेक आली. त्याने तिला सगळं फिरून दाखवलं. तिने फ्रीजवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि आईची बॅग उचलली. ती बॅग त्यानेच तिच्या हातून घेतली आणि खाली नेली. बायकोला बरं वाटल्याचं सांगायचं होतं, ते सांगितलं नाही.

गाडीत बसताना बायको सारखी वळून वर बघत होती. ‘‘हे आले नाहीत अजून?’’

लेकीने बापाकडे बघितलं.

‘‘येतील,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही व्हा पुढे.’’

तो वर आला. बटण दाबलं, पंखा लगेच फिरला. काठी कोपऱ्यात उभी होती. घशाला कोरड पडली होती म्हणून तो फ्रीजकडे गेला. चपला तिने ढकलल्या होत्या तिथेच होत्या. आता त्यांची काही गरज नव्हती. पण तिने सांगितलं होतं, म्हणून त्याने आधी पाय त्यांत सरकवले आणि मग दार उघडलं.