कोंबड्यांपुढे साहेब

बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या काखेत कोंबडी होती.

सकाळी मी मागच्या अंगणात कोंबड्या सोडल्या होत्या. एरवी हे काम बायकोचं. ती कोंबड्या सोडायची आणि आमचा थोरला कुत्रा, साहेब, पायरीवर बसून नुसता बघायचा. ती हॉस्पिटलात, दोन दिवसांत घरी सोडू म्हणाले होते. तोवर आपण सोडू, यात काय एवढं, असं मला वाटलं. खुराड्याचं दार उघडलं आणि साहेब जो सुटला तो थेट तांबडीच्या शेपटीवर. मी "ए! सोड! हाड!" करत त्याच्यामागे धावलो. त्याला वाटलं, वा, आज मालकही खेळायला आले. तांबडीची पिसं त्याच्या तोंडात राहिली आणि उरलेली तांबडी कशीबशी माझ्या हाती लागली. तेवढ्यात खिशात फोन वाजला.

डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सांगायचं ते सांगितलं. मग विचारलं, "तुमच्याजवळ आत्ता कोणी आहे का?"

"कोंबडी आहे," मी म्हणालो.

साहेब पायाशी उड्या मारत होता, त्यामुळे तिला खाली ठेवता येईना.

मी मोटारींचं वाइंडिंग करतो. म्हणजे पंपाची, पंख्याची जळलेली तार काढून नवी भरतो. दुकान घराच्या पुढच्या खोलीत, कोंबड्या मागच्या अंगणात, आणि मधे बायको, असा आमचा कारभार. मागे काय चालतं ते मला यंत्राच्या आवाजात ऐकू यायचं नाही. साहेब दुकानाच्या उंबऱ्यात बसून गिऱ्हाइकाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतो, म्हणून तो साहेब. दुसरी एक लहान कुत्री आहे. तिला आम्ही कारटी म्हणतो आणि ती नावाला जागते. कोंबड्या पाच. तांबडी, मास्तरीण, एकमेकींशी सतत भांडणाऱ्या दोघी जावा, आणि एक पांढरी, जी नाव ठेवण्याइतकी कधी कोणाच्या जवळ आलीच नाही.

त्या सकाळनंतर कोंबड्या बंद. मी पुन्हा त्या सोडायला धजावलो नाही. दाटीत बसून त्यांची डोकी फिरली. थोरल्या जावेनं धाकटीची पाठ टोचून टोचून उघडी केली. अंडी थांबली.

बायकोची थोरली बहीण येऊन बघून गेली. "भावोजी, हा तुरुंग झाला की! माझ्याकडे मोकळी जागा आहे, कुत्रं नाही. मी नेते त्यांना."

कोंबड्यांवर माझा फार जीव होता अशातला भाग नाही. पण दुपारचा चहा मी मागच्या पायरीवर घ्यायचो, साहेब तेवढा वेळ पुढे दुकान राखायचा, बायको दाणे टाकायची आणि त्या पाचजणी पायांत पायांत करायच्या. त्या गेल्या तर मागचं दार उघडायला मला काही कारणच उरणार नव्हतं. हे मेहुणीला सांगायला मला जमलं नाही. मी म्हणालो, "बघू."

"बघू नाही. रविवारी पेटी घेऊन येते."

त्यातच साहेबानं अन्न सोडलं. पूर्वी कुत्र्यांना बायको मागच्या पडवीत वाढायची. आता मी त्यांच्या वाट्या स्वयंपाकघरात माझ्या पायाशी ठेवत होतो, तेवढीच सोबत. साहेब वाटीत तोंड घालायचा, दोन घास घ्यायचा, आणि मधेच मागे सरून भिंतीकडे तोंड करून बसायचा. कारटी स्वतःचं संपवून त्याचंही चाटूनपुसून खायची.

समोरचा शिंपी रोज बघायला यायचा. "मुकं जनावर, पण माया बघा! मालकिणीमागे अन्न सोडलं त्यानं." एवढं बोलून तो माझ्या ताटाकडे बघायचा.

तसा मीही धड जेवत नव्हतो, पण माझं कारण वेगळं होतं. मला जन्माची खोड आहे. कोणी काही विचारलं की तोंडातून आधी "राहू दे" निघतं. चहा टाकू? राहू दे. भात वाढू? राहू दे. बायकोला त्याचा अर्थ ठाऊक होता: वाढ, फक्त मी मागितलं असं व्हायला नको. ती न बोलता वाढायची. आता शिंप्याची बायको ऐन जेवणाच्या वेळी डबा घेऊन यायची. "दादा, थोडं काढून ठेवू का?" "राहू दे." आणि ती बिचारी डबा परत न्यायची. मुलीचाही फोन त्याच वेळेला. "बाबा, मी येऊन राहू का थोडे दिवस?" "राहू दे." तीही खरं मानायची. माझा शब्द झेलणारी माणसं एकाएकी फार झाली होती.

रविवारी मेहुणी भोकं पाडलेली पेटी घेऊन हजर. आत येताच तिची नजर साहेबावर गेली. "अगं बाई, याची काय ही दशा!" तिनं भातात अंडं कालवून त्याच्यापुढे ठेवलं. साहेब वाटीवर तुटून पडला.

"हा तर खातोय! कोण म्हणतं खात नाही? थांबा, तुम्हालाही चहा टाकते."

"राहू दे."

साहेबानं वाटीतून तोंड काढलं, मागे सरला आणि भिंतीकडे बघत बसला.

मेहुणी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. "काय म्हणालात?"

"कुठे काय? चहा राहू दे म्हणालो."

साहेब पुन्हा वाटीकडे निघाला होता. तो पुन्हा मागे सरला.

मेहुणीनं पातेलं खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "अहो, माया कसली नि दुःख कसलं! तुम्ही त्याला उपाशी मारताय! तिनंच शिकवलंय त्याला. कोंबडीकडे वळला की म्हणायची 'राहू दे'. यानं तोंड फिरवलं की खाऊ. मी स्वतः बघितलंय इथे."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्हाला काय बोलणार? तुम्ही म्हणाला असता, राहू दे." मग ती साहेबाकडे वळली. "घे रे राजा, घे. तुझा काही दोष नाही."

साहेबानं वाटी साफ केली.

"मग कोंबड्या नेऊ नका," मी म्हणालो. इतकं सरळ मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "दाखवा मग. संध्याकाळपर्यंत मी आहे. त्या याच्यासमोर मोकळ्या फिरल्या तर पेटी रिकामी नेते. नाहीतर भरून."

मी साहेबाला दमेपर्यंत फिरवून आणलं. कारटीला दुकानात बांधलं. अंगणातले तारेचे तुकडे झाडून काढले, कारण कोंबडी चकाकेल ते गिळते. एक फळी विटांवर बुटकी टेकवली. कोंबड्या खाली शिरतील, साहेब शिरणार नाही. त्याच्या पट्ट्याला लांब दोरी बांधली, खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे घेतले, आणि त्याला खुराड्यासमोर आणलं. दार अजून बंदच होतं. आत मास्तरीण फडफडली. साहेबाचे कान उभे राहिले.

"राहू दे!" मी ओरडलो.

साहेबानं जी झेप घेतली, त्यात मी गुडघ्यांवर आलो. आत पाचजणींनी आकाशपाताळ एक केलं.

"अहो, कवायत घेताय का?" पायरीवरून मेहुणी म्हणाली. "तिच्यासारखं म्हणा."

"ती कसं म्हणायची?"

"तुमच्यासारखं. तुमची नक्कल करायची ती. खांदे पाडून, खाली बघत, पुटपुटल्यासारखं. आम्ही दोघी हसून हसून लोळायचो."

हे मला ठाऊक नव्हतं. दोरीला गाठ पडली होती, ती मी सावकाश सोडवत बसलो. नंतर खांदे पाडायची गरज पडली नाही, ते पडलेलेच होते. मी खाली बघत पुटपुटलो, "राहू दे."

साहेबानं तोंड फिरवून माझ्याकडे बघितलं. मी कलेजी दिली. पुन्हा तसंच, पुन्हा कलेजी. दुपार कलायला लागली तेव्हा त्याचं अर्धं लक्ष कोंबड्यांकडे आणि अर्धं माझ्या खिशाकडे होतं.

"उघडा आता," मेहुणी म्हणाली.

मी दार उघडलं. मास्तरीण मान पुढे करून बाहेर आली, मग जावा, मग पांढरी. तांबडी दारातच थांबली, तिचा अनुभव ताजा होता. धाकटी जाऊ मात्र उघडी पाठ घेऊन सरळ साहेबाकडे चालत गेली. त्याच्या पंज्याजवळ कलेजीचा एक तुकडा पडला होता, तो तिला दिसला. दोरी ताठ झाली.

"राहू दे रे," मी म्हणालो.

साहेब थरथरत होता. त्यानं मान वळवली आणि भिंतीकडे बघत बसला. जाऊबाईंनी तुकडा उचलला, गिळला, आणि वर त्याच्या पंज्यावर एक चोच मारली. तो हलला नाही. मी खिसा त्याच्यापुढे उलटा केला.

"एवढा संयम तुमच्या साडूंमध्ये असता ना," मेहुणी म्हणाली, "तर माझा जन्म सुखात गेला असता." मग ती उठली. "मागे माणूस बसलेलं असेल तरच यांना सोडायचं. कबूल?"

"कबूल."

"चहा टाकू?"

मी तोंड उघडलं. साहेब माझ्याकडे बघत होता.

"टाका," मी म्हणालो. "आणि खायलाही काहीतरी करा."

पेटी ती रिकामी घेऊन गेली.

आता दुपारी मी यंत्र बंद करून पायरीवर बसतो. दाणे मी टाकतो. अंडी पुन्हा सुरू झाली आहेत. साहेबाची दोरीही आता काढली आहे. त्याच्या जेवणाच्या वेळी कोणी काही विचारलं तर मी हो म्हणतो, त्यामुळे माझं पोट सुटायला लागलं आहे. मुलगी येऊन राहून गेली.

कारटीला मात्र तो शब्द येत नाही. ती आली तेव्हा बायकोचं दुखणं सुरू झालं होतं, तिला शिकवायला कोणी घेतलंच नाही. कोंबड्या बाहेर असल्या की ती दुकानात बांधलेली असते आणि मोटारींच्या मधे बसून रडते. तिला शिकवायचं अजून बाकी आहे.