खांबाची जागा

शिवांजलीने सोनियाच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडली, "खो!"

सोनिया उठली नाही.

दोन्ही तळवे जमिनीवर टेकून, एक पाय मागे घेऊन, आता उसळेल अशी ती बसली होती आणि तशीच बसून राहिली. शिवांजलीने थोडी वाट पाहिली. मग तीही तिच्या शेजारी बसली. सोनियाचं तोंड वर्गांकडे होतं म्हणून हिने आपलं रस्त्याकडे केलं. खो-खोच्या रांगेत एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. शाळेशी भांडण होतं, खेळाशी नव्हतं.

प्रार्थना नुकतीच संपली होती. संघातली तिसरी मुलगी आली, पलीकडून सोनियालाच खो दिला, ती उठत नाही म्हणून खोटेखोटे डोळे वटारले आणि तिच्या त्या बाजूला बसली. मग चौथी आली, तिने तिसरीला दिला. नवे क्रीडाशिक्षक साईराज सर शिट्टी सावरत धावत आले. बिचारे कालच रुजू झाले होते.

"काय चाललंय हे?"

"सराव, सर," सोनिया म्हणाली.

"मग खो मिळाल्यावर उठा की!"

"शिंगाडे मॅडमनी दिला की उठतू, सर."

सरांनी शिट्टी तोंडात धरली आणि न वाजवताच सोडून दिली.

आधीच्या क्रीडाशिक्षिका शिंगाडे मॅडमना चार दिवसांपूर्वी 'उद्यापासून येऊ नका' असं सांगण्यात आलं होतं. का, ते जत तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. संस्थेचे अध्यक्ष नानासो यांच्या मुलाचं लग्न शाळेच्या मैदानावर झालं. वऱ्हाडाच्या गाड्या धुळीने माखू नयेत म्हणून मैदानभर खडी पसरायची होती, आणि खो-खोचे दोन्ही खांब आडवे येतात म्हणून उपटायचे होते. खडीचा डंपर आला तेव्हा मॅडम त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्या पोरी इथं अनवाणी पळतात," असं नानासोंना त्यांच्या नव्या व्याह्यांदेखत म्हणाल्या. एवढंच. पण व्याह्यांदेखत म्हणाल्या, तिथे सगळं फिसकटलं. लग्न झालं, मांडव निघाला, खडी राहिली, खांब गेले आणि मॅडमही गेल्या. नोकरी तात्पुरती, त्यामुळे कारणसुद्धा द्यावं लागलं नाही. वा रे न्याय!

मॅडमनी आदल्या संध्याकाळी फोनवर बजावलं होतं, "माझ्यापायी दहावीचं वर्ष घालवायचं नाही. कळलं का?"

"मॅडम, तुमी आता शाळेत न्हाई," शिवांजली म्हणाली होती. "मग तुमचं ऐकायचं आमाला बंधन न्हाई."

त्यांनी फोन ठेवून दिला.

मधल्या सुट्टीपर्यंत रांग मैदानाच्या निम्म्यापर्यंत पोचली. नववीच्या मुली आल्या, आठवीच्या आल्या. मग मुलगे यायला लागले. त्यांतला पहिला ऋषिराज. पोरीच्या पाठीला हात कसा लावायचा म्हणून त्याने लाजत हवेतच खो दिला.

"नीट दे की रं, भितूस व्हय?" सोनिया लांबून ओरडली, आणि सगळी रांग खो खो हसली.

हसू फार टिकलं नाही. खडी तळपायांना टोचत होती, ऊन चढत होतं. पण उठलं कुणीच नाही.

हेडसर काही वाईट माणूस नव्हते. नानासोंचा फोन आला की मात्र ते उभे राहूनच बोलायचे. तसा फोन नुकताच येऊन गेला होता. त्यांनी रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि नेमकी शिवांजली निवडली. बाकीच्यांची घरं गावात होती. ही शाळेच्या वसतिगृहात राहायची. तिचे आईवडील मेंढरं घेऊन कराडकडे उतरले होते.

"तुझ्या आईला फोन केलाय," हेडसर म्हणाले. "निघाली आहे ती. आली की तू उठायचं. नाहीतर सामान बांधून तिच्याबरोबर जायचं. वसतिगृह संस्थेचं आहे, लक्षात ठेव."

शिवांजलीने तळवे खडीत दाबले. वसतिगृह गेलं की दहावी गेली, आणि दहावी गेली की मेंढरांमागे चालत राहायचं. तेही तिने एक वेळ सोसलं असतं. पण आई! बनुबाईने नवऱ्याशी, दिराशी, सगळ्या भावकीशी भांडून पोरीला शाळेत ठेवलं होतं. 'धावी झाल्याबिगर मला तोंड दावू नगंस,' असं ती दर खेपेला निघताना म्हणायची. हेडसर ओरडले तर बसून राहायचं, नानासो आले तर बसून राहायचं, हे सगळं ठरलं होतं. आई आली तर काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं. आई 'ऊठ' म्हणाली तर शिवांजलीला उठावंच लागलं असतं. आणि संघाची कप्तानच उठली तर मागची रांग कशाला बसून राहील?

ऊन कलल्यावर आधी नानासोंची गाडी आली. खडी चुरचुरवत ती थेट वर्गांपाशी जाऊन थांबली. नानासो उतरून हेडसरांशेजारी हाताची घडी घालून उभे राहिले. त्यानंतर फाटकातून बनुबाई आत आली. दोन एसट्या बदलून आली होती, डोक्यावरचा पदर धुळीने भरला होता. शिवांजलीचं तोंड रस्त्याकडेच असल्यामुळे तिला आई सगळ्यांत आधी दिसली. तिने नजर खाली घातली.

बनुबाई लेकीशी एक शब्द बोलली नाही. रांगेला वळसा घालून ती हेडसरांपुढे गेली.

"बनुबाई, समजवा तिला," नानासो म्हणाले. "तुमचं ऐकंल ती. लेकराचं वर्ष वाया जाऊ ने, एवढंच माझं म्हननं हाय."

बनुबाईने पायाखाली पाहिलं. "ही खडी कुनी टाकली वो?"

"लग्नाच्या गाड्यांसाठी टाकली होती," हेडसर म्हणाले.

"लगीन झालं न्हवं?"

"झालं."

"मग उचलली का न्हाई?"

हेडसरांनी नानासोंकडे पाहिलं. नानासोंनी गाडीकडे पाहिलं.

"आन शिंगाडे मॅडम कुटं हायती?"

"त्यांना कमी केलंय. त्यावरूनच तर हा सगळा..."

"आसं व्हय," बनुबाई म्हणाली.

गेल्या वर्षी सांगलीच्या सामन्याला मॅडमनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, शेजारी बसवून खेळ समजावला होता. जन्मभर मेंढरं वळलेल्या बाईला तो कळायला कितीसा वेळ लागणार? शेवटी शेवटी तर ती मॅडमच्याच पाठीवर धपाधप थापा मारत 'खो, खो' ओरडत होती. मॅडम दोन दिवस पाठ चोळत होत्या.

आता ती लेकीच्या मागे येऊन उभी राहिली. शिवांजलीला आईच्या अंगाचा मेंढरांचा वास आला आणि तिला एकदम रडूच फुटायला लागलं. आता आई म्हणेल. आता म्हणेल, ऊठ.

पाठीवर खरखरीत, जड हात पडला.

"खो!" बनुबाई ओरडली. मैदानाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं.

नानासोंना हसू आलं. हेडसरांनी सुस्कारा सोडला. सोनियाने ओठ दातांखाली धरला. शिवांजलीच्या मांड्या सवयीने ताठल्या, टाच उचलली गेली. पण आई 'ऊठ' म्हणाली नव्हती. या रांगेत खो घेऊन कुणी उठत नव्हतं, हे आईने वळसा घालताना नीट पाहिलं होतं. शिवांजलीने डोळे मिटले, तळवे खडीत आणखी दाबले. ती उठली नाही.

"बरं," बनुबाई म्हणाली.

तिने पायतणं काढून बाजूला ठेवली, लुगड्याचा घोळ गुडघ्यांत दाबला आणि लेकीच्या मोकळ्या अंगाला, रांगेच्या अगदी टोकाला, खडीवर बसली. लेकीचं तोंड रस्त्याकडे होतं, म्हणून तिने आपलं नानासोंकडे केलं.

"आवं मावशी, तितं खांब हुता," सोनिया हळूच म्हणाली. "ती खांबाची जागा हाय."

"ठावं हाय मला," बनुबाई म्हणाली. "म्हनून तर हितं बसलीया."