शुद्धिबाबांची पिवळी वाटी

काशीच्या शिंदे घाटावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध शुद्धिबाबा बसले होते आणि त्यांच्यापुढे हळद कालवलेल्या गंगाजलाच्या वाट्या मांडल्या होत्या. मुलीने वाटीत बोट बुडवायचं, बाबांनी मंत्र म्हणत आपल्या बोटाने पाणी ढवळायचं. पिवळं राहिलं तर मुलगी शुद्ध, लाल झालं तर गंगामाईने विटाळ पकडला. एवढं झालं की बाबा कुशीवर कलून पानाचा विडा जमवत.

अंतराचा नंबर आला. ती बारा वर्षांची. तिची आई अंबिका यात्रेकरूंच्या धर्मशाळेत पोळ्या लाटायची.

"बेटी, शनिवारी कुठे जातेस?" बाबांनी विचारलं.

"विद्युल्लताबाईंच्या आरोग्यवर्गाला. पॅड कसं वापरायचं ते शिकवतात."

"हां. तिथंच बिघाड आहे." बाबांनी वाटी ढवळली. पाणी लालभडक झालं. गर्दीने हात जोडले. बाबा अंबिकाकडे वळले. "माई, ही विटाळ लपवते आहे. शाळा बंद, वर्ग बंद. कोठडीत बसव."

"सोमवारी माझी शिष्यवृत्तीची परीक्षा आहे," अंतरा म्हणाली.

"गंगामाईने कधी परीक्षा दिली होती? तरी सगळं जग तिच्या पाया पडतं."

लोकांना हे फार पटलं. अंबिकाने मुलीचं मनगट धरलं. आपल्याला अजून पाळी आलेलीच नाही, हे अंतराला ठाऊक होतं. पण कुणी विचारलंच नाही. तो शब्द तोंडातून निघायला नको म्हणून घरोघरी 'कावळा शिवला' म्हणायची रीत. मग भर घाटावर विचारणार कोण?

अंतराला रडू येत होतं, पण तिची नजर बाबांच्या बोटावर गेली. नखाशी पांढरं काहीतरी होतं. आणि मघापासून ज्यांचं पाणी लाल झालं, त्या सगळ्या मुली बाईंच्या वर्गातल्याच होत्या.

अंतराच्या शेजारी राहणारे बिंदुमाधवकाका, यात्रेकरूंची पूजा सांगणारे गुरुजी, बाजूलाच उभे होते. गालात पान, आणि खऱ्या बनारसी माणसासारखा बोटाच्या टोकावर चाटायला चुना.

"काका, एका वाटीत तुमचं बोट बुडवा ना."

"मी?" काकांनी मजेत बुडवलं. पाणी लाल झालं.

लोक वाटीवर वाकून पाहू लागले. मग एक नाववाली म्हातारी म्हणाली, "पंडितजी, अब तो पाँच दिन बाहर बैठिए." हसण्याची लाट वरच्या पायरीपर्यंत गेली.

"पुरुषाचा नियम वेगळा आहे," बाबा घाईने म्हणाले.

"आणि चुन्याचा?" अंतराने विचारलं.

अंबिकाने मुलीचं मनगट सोडलं. "हळदीत चुना घातला की कुंकू होतं," ती हळूच म्हणाली. "माझी आई घरी करायची. मला माहीत होतं गं, आणि तरी मी तुला ओढत नेत होते." तिला स्वतःची लाज वाटली.

काकांनी बाबांचा हात धरून सगळ्यांना नखातला चुना दाखवला. बाबा वाट्या तिथेच टाकून समोर लागलेल्या नावेत चढले.

लोकहो, चुना चिमूटभरच होता. बाकीचं काम आपल्या लाजेने केलं. पाळी हा शरीराचा नेहमीचा व्यवहार आहे. त्याबद्दल मुलीशी बोला, तिला विचारा, आणि कुणी चमत्कार दाखवला तर आधी त्याचं बोट बघा.

सोमवारी अंतराने परीक्षा दिली. शनिवारी अंबिका वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसली. पदराचं टोक मुठीत धरून ती म्हणाली, "बाई, मी कपडाच वापरते. कुणाला दिसू नये म्हणून ओल्या साडीखाली वाळवते. फार खाज येते."

"साबणाने धुवा आणि उन्हात वाळवा," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "एवढंच करा."

दुसऱ्या दिवशी सामाईक गच्चीवरच्या दोरीला अंबिकाचे पाळीचे स्वच्छ कपडे वाळत होते, आणि त्याच दोरीवर पलीकडे बिंदुमाधवकाकांचं सोवळं. काका वर आले, पाहिलं, आणि सोवळं जागेवरून हलवलं नाही.