काचेवरची जुनी घडी

रविवारी सकाळी सव्वासात वाजता आईने गाडीच्या पुढच्या काचेवर पांढऱ्या खडूने दोन रेषा मारल्या आणि चालकाच्या बाजूच्या वायपरचं टोपण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं. खडू तिच्या शिवणकामातला होता. बाही कुठे बसणार, टीप कुठून जाणार हे ती ज्या खडूने आखायची, त्यानेच तिने वायपरची दोन्ही पाती काचेवर जिथे टेकली होती ती जागा आखून घेतली.

हा वायपर बरेच दिवस हलत नव्हता. शेजारचा फिरायचा, हा तळाशी पडून राहायचा. गॅरेजमध्ये दाखवलं असतं तर काम किरकोळ होतं. पण मुलाने जेवताना सांगून टाकलं होतं की आता वायपर दुरुस्त करायचा तो गाडी विकण्यापुरता. त्याला अडचण वायपरची नव्हती, आईच्या उजव्या हाताची होती. हात रिकामा असला की अंगठा तर्जनीवर घासत राहायचा, जणू ती सुईत घालण्यापूर्वी दोऱ्याचं टोक वळते आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, तूर्त गाडी चालवायला हरकत नाही असंही म्हटलं होतं. मुलाला ते ‘तूर्त’ पुरेसं वाटत नव्हतं. तो विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. त्याच्या टेबलावर रोज चेपलेल्या गाड्यांचे फोटो येतात.

गाडी गेली की आईचं काम जाणार होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना बसतील असे कपडे ती शिवते: पाठीमागून उघडणारे गाऊन, नळीसाठी कडेला फट ठेवलेले सदरे. अशी माणसं माप द्यायला दुकानात येत नाहीत, तीच त्यांच्याकडे जाते. यातली निम्मी घरं टेकडीपलीकडे आहेत आणि तिकडे बस जात नाही.

त्या जेवणातच सौदा ठरला. वायपर घरीच, स्वतःच्या हाताने काढून जसा होता तसा परत बसवला, तर किल्ली आईकडे राहील. नाही जमलं तर मुलाकडे. मुलगा लगेच हो म्हणाला. जमेल असं त्याला वाटलं नव्हतं.

सून औषधांच्या दुकानात काम करते आणि तिला रविवारी सुट्टी असते. नट खोलायचे पाने आणि तेलाची बाटली घेऊन ती फाटकाशी उभी होती. मुलगा सामन्याच्या पंचासारखा पायरीवर चहा पीत बसला होता. सुनेने त्याला विचारलं, शिट्टी आणलीस का?

नट सहज सुटला, पण वायपरचा दांडा खालच्या खुंट्यावर गंजून घट्ट बसला होता. आईने ओढाओढ केली नाही. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडलं आणि वाट पाहिली. मग दोन्ही हातांनी दांडा हलके हलके डुलवत वर घेतला. मुलाने चहाचा कप खाली ठेवला. आईच्या उजव्या हाताकडे त्याचं आपोआप लक्ष गेलं होतं. अंगठा थांबला होता. हातात दांडा आल्यापासून तो हात मेजावर ठेवलेल्या कात्रीइतका स्थिर होता.

दुसरा दांडाही निघाला. काचेखालची प्लास्टिकची जाळी उचलल्यावर आत सुकलेली पानं होती. पानांखाली बारकी मोटर होती आणि तिच्यापासून दोन्हीकडे गेलेल्या लोखंडी सळया. एक सळई सांध्यातल्या लोखंडी गोळीवरून निसटून लोंबत होती. गोळी जिच्यात बसते ती प्लास्टिकची वाटी झिजून फुटली होती. आईने सुनेला आत बसून बटण चालू करायला सांगितलं. मोटर गोल गोल फिरू लागली आणि जोडलेली सळई मागेपुढे, मागेपुढे होऊ लागली. आई वाकून बघत राहिली.

“अगं, हे तर माझंच मशीन आहे,” ती शेवटी म्हणाली. “फक्त उलटं. तिथं पाय मागेपुढे होतो आणि चाक फिरतं.”

सून गाडीतून उतरून बघायला आली. मुलगाही पायरीवरून उठला. इतकी वर्षं काचेवर दोन पंखे उघडताना मिटताना दिसत होते आणि त्यांच्याखाली अंधारात, पानांच्या ढिगात, हे एवढंसं चाक एकाच दिशेने फिरत होतं, याचं तिघांनाही सारखंच नवल वाटलं.

एकच वायपर अडला की बहुधा ही वाटीच फुटलेली असते, असं सुट्या भागांच्या दुकानदाराने सांगितल्यावरून नवी वाटी सुनेने आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. ती गोळीवर चढवायची तर आधी गरम पाण्यात मऊ करावी लागणार होती. त्यासाठी दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि मुलगा गाडीपाशी एकटा उरला.

शिंपिणीच्या घरात वाढलेल्या या मुलाला लहानपणी एक काम ठरवून दिलेलं होतं. कपडा शिवून झाला की त्यावरचा खडू झटकायचा, राहिलेला ओल्या फडक्याने टिपायचा. गिऱ्हाइकाला खडू दिसता कामा नये. आजही कुणाच्या खांद्यावर पांढरं काही दिसलं की त्याचा हात पुढे होतो, आणि एकदा त्याने साहेबांच्या कोटावरचा खडू नसलेला डागही झटकला होता. बॉनेटवर ओलं फडकं पडलेलं होतं. स्वच्छ काचेवर खडूच्या दोन रेषा होत्या.

दोघी वाटी घेऊन बाहेर आल्या तेव्हा काच लख्ख होती.

“खुणा कुठं गेल्या रे?” आईने विचारलं.

मुलाने आपल्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं.

खुंट्याला बारीक दात असतात आणि दांडा कुठल्याही दातावर बसतो. दोन दात चुकले तर पातं काचेच्या चौकटीवर आपटतं, नाहीतर पाऊस संपल्यावरही चालकाच्या नजरेसमोर येऊन उभं राहतं. फोटो कुणी काढलेला नव्हता. सौदा तर ‘जसा होता तसा’ असा होता. मुलगा म्हणाला की चूक त्याची आहे, तेव्हा हे धरायचं नाही, उद्या गॅरेजला नेऊ. आईने त्याला विचारलं, मग किल्लीचं काय? सुनेने सुचवलं की पलीकडच्या गल्लीत अशीच गाडी उभी असते, तिचं बघून लावू.

“दुसऱ्याच्या मापाने आपल्या गिऱ्हाइकाची बाही लावायची का?” आई म्हणाली आणि वाटी गोळीवर चढवायला वाकली.

वाटी टक् करून बसली. सुनेने बटण चालू करून बंद केलं, मोटर आपल्या विश्रांतीच्या जागी थांबली. मग आईने मशीनवरचा लांब वायरचा दिवा मागवला आणि मुलाच्या हातात दिला. काचेच्या एका कडेला, अगदी खाली, काचेला टेकेल इतक्या जवळ धर म्हणाली. समोरून नको, आडवा.

मुलाने दिवा आडवा धरला आणि काच उजळली.

काचेवर दोन मोठे पंखे उमटले होते. केसाहून बारीक ओरखडे, हजारो, एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी गेलेले. पहिल्या दिवसापासून या काचेवर पडलेल्या प्रत्येक पावसाची त्यात एक तरी रेघ होती. मध्ये जिथे दोन पंखे एकमेकांवर आले होते तिथे विणीसारखी जाळी दिसत होती. खाली, दोन्ही पंखे जिथून सुरू व्हायचे तिथे, एकेक मळकट, मंद पट्टा होता. तिथेच पाती टेकून राहायची.

“कपडा उसवून मोठा केला की जुनी घडी दिसते ना, तशी,” आई म्हणाली. “धुवून जात नाही ती.”

मुलगा दिवा हलवू धजला नाही. तो या काचेतून इतकी वर्षं बघत आला होता, काचेकडे त्याने कधी पाहिलं नव्हतं. मग चालकाच्या बाजूला एक खोल चरा त्याला दिसला, बाकीच्या ओरखड्यांहून जाड, चमकणारा. तो कधीचा हे त्याला विचारावं लागलं नाही. कॉलेजात असताना त्याचा पाय मोडला होता. मागच्या सीटवर तो आडवा, बाहेर धो धो पाऊस, पात्याचं रबर निघून आलेलं, लोखंड काचेवर किरकिरत होतं आणि आई गाडी न थांबवता दवाखान्यापर्यंत चालवत गेली होती. तो आवाज त्याला आठवत होता. त्याची रेघ अजून काचेवर असेल, हे माहीत नव्हतं.

आईने पहिला दांडा खुंट्यावर ठेवला, पातं मंद पट्ट्याशी लावून पाहिलं, जरा वर राहिलं म्हणून एक दात मागे घेतलं आणि नट आवळला. मग दुसरा. सुनेने काचेवर पाण्याचा पाइप धरला, आईने आत बसून बटण दाबलं. दोन्ही वायपर एकत्र उठले, एकत्र वळले, आणि बंद केल्यावर खाली येऊन टेकले.

मुलाने निरखून पाहिलं. शेजारच्या बाजूचं पातं बोटभर वर राहिलंय, असं तो म्हणाला.

“दिवा लाव आणि बघ,” आई म्हणाली.

त्याने बघितलं. मंद पट्टाही बोटभर वरच होता. कधीतरी कुठल्या तरी गॅरेजने एक दात चुकवून बसवला होता आणि तेव्हापासून ते पातं तसंच टेकत आलं होतं. आईने चुकीसकट जसा होता तसा लावला होता. सून इतकी हसली की पाइपचं पाणी तिच्याच चपलांवर गेलं.

आई स्टिअरिंगसमोर बसून होती. काम संपल्यामुळे तिने हात मांडीवर ठेवले होते. उजवा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरू लागला. उघड्या दारातून मुलाला तो दिसत होता आणि त्याला दिसतो आहे हे आईलाही दिसत होतं. त्याने दिव्याची वायर नीट गुंडाळली.

दुपारी पावणेचार वाजता टेकडीपलीकडच्या एका आजोबांचा सदरा पोचवायचा होता. पिशवी मागच्या सीटवर ठेवून आईने गाडी सुरू केली. मुलगा येऊन शेजारच्या सीटवर बसला आणि त्याने पट्टा लावला. सुनेने फाटक उघडलं. गाडी उजवीकडे वळून गेली तेव्हा आईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि मुलगा समोरच्या रस्त्याकडे नाही, काचेकडे बघत होता.

साडेसहा वाजून गेले आहेत. ती दोघं अजून परतलेली नाहीत आणि किल्ली कुणाकडे राहणार, हे निघण्यापूर्वी कुणी ठरवलेलं नाही.